ऐरोलीच्या काकांना, आमचा 'मुस्तफा' जिवंत केल्याबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बाबांचं बीपी काय म्हणतंय?" म्हणून विषय बदलता. म्हणून आज चारचौघांसमोर लिहितोय. आता मध्येच अडवता येणार नाही.

बाबांचं कळव्याला व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तीन मशिनं, रुपयाला एक टोकन, आणि शाळा सुटली की सगळी झुंबड 'मुस्तफा'वर. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉमचा १९९३चा गेम. पण आपल्या पोरांनी त्यातल्या धावत येऊन लाथ घालणाऱ्या मुस्तफाचंच नाव त्याला देऊन टाकलं. पार्लर बंद झालं तेव्हा दोन मशिनं भंगारात गेली. हे एक मात्र बाबांनी दिलं नाही. वर्षानुवर्षं त्यावर आईच्या गोधड्या होत्या.

बायपासनंतर बाबा दिवसभर खिडकीशी बसून असायचे. एकदा मी गोधड्या उतरवून मशीन चालू केलं. मागचं चित्र स्वच्छ, रस्ता दिसतोय, गाड्या दिसताहेत; पण माणसांच्या अंगावर उभ्या पट्ट्या, कंगव्याने विंचरल्यासारख्या. बोर्ड, म्हणजे ज्यावर गेम चालतो ती आतली सर्किटची पाटी, एका दुकानात दिला. आठ दिवसांनी "हा गेला, साठ गेमवाला नवा टाका" असं ऐकून परत आणला. आता तर आवाजही बंद झाला होता. बाबांनी बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळला आणि काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला फार लागलं.

मग लॅमिंग्टन रोडवरच्या एका पार्टवाल्याने तुमचा नंबर दिला. तुमचं पहिलं वाक्य होतं, "बोर्ड एकटा आणू नकोस, त्याला वीज देणारा सप्लायपण आण." विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं होतं, दोन तास उशीर झाला, तरी तुम्ही जेवायचे थांबला होतात.

त्या बाल्कनीतल्या टेबलावर मी जे पाहिलं ते विसरणार नाही. सुरुवातीला सोल्डरला तुम्ही हातच लावला नाहीत. आधी खोडरबरने बोर्डाच्या कडेचे छप्पन्न कॉन्टॅक्ट घासले. मग व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर नुसता सप्लायवर न लावता थेट आयसीच्या, म्हणजे बोर्डावरच्या चिपच्या, पायांवरही लावला. सप्लायवर पाच व्होल्ट, बोर्डावर साडेचार. "टीटीएलला, म्हणजे या जातीच्या चिपना, पावणेपाचच्या खाली जाऊन चालत नाही रे. आधी याला पोटभर जेवू घाल, मग आजार शोध." वायर बदलली, पाच व्होल्ट पोचले. पट्ट्या तशाच.

भिंगाखाली तुम्हाला स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा सापडला. कुणीतरी आयसी उचकटताना खालचा ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, कापला होता. कुणालाही नावं न ठेवता तुम्ही केसाएवढ्या वायरचा जंपर मारून तो ट्रॅक जोडलात आणि आवाज आला. मग पायावर सिग्नल आहे का ते दाखवणारा लॉजिक प्रोब घेऊन एकेक पाय तपासत गेलात. 74एलएस374, वीस पायांचा आयसी. तीन नंबरच्या पायावर आत जाणारी पल्स जोरात धडधडतेय आणि दोन नंबरवर, जिथून ती बाहेर पडायला हवी, तिथे काहीच नाही. ना हाय, ना लो. "हा बघ, कान शाबूत आहेत, वाचा गेली आहे."

पुढचं काम तुम्ही मला करायला लावलंत. कटरने वीस पाय कापायचे, एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढायचा, सोल्डर ओढणाऱ्या पंपाने भोक मोकळं करायचं. माझा हात थरथरत होता. तुम्ही म्हणालात, "चहा घे आधी. घाई केलीस तर पॅड, भोकाभोवतीचं तांबं, उचलला जाईल." पाऊण तास लागला. आयसी बेस बसवला, त्यात नवा आयसी दाबला. मुस्तफा अख्खा दिसला.

आणखी एका गोष्टीसाठी आभार, ती बाबांना सांगितल्याबद्दल. आमचा बोर्ड अस्सल नव्हे, नक्कल आहे याची त्यांना कायम खंत होती. तुम्ही फोनवर समजावलंत की कॅपकॉमच्या अस्सल बोर्डात बॅटरी असते, गेम चालायला लागणारी गुप्त माहिती तिच्यावर टिकते. बॅटरी संपली की एकही पार्ट जळालेला नसताना बोर्ड बाद. या नकलेत ती बॅटरीच नाही. "म्हणून तुमचा इतकी वर्षं टिकला." बाबा त्या दिवसापासून येईल त्याला हे ऐकवतात.

पैसे तुम्ही आयसीचे आणि बेसचे, चाळीस रुपये घेतलेत. बाकीचे माझ्या खिशात परत कोंबलेत.

बाबा आता रोज संध्याकाळी दोन डाव खेळतात, डॉक्टरांनी तेवढीच परवानगी दिली आहे. कपाटातून त्यांनी पार्लरची जुनी टोकनं शोधून काढलीत. त्यातलं एक तुमच्या नावाने बाजूला ठेवलंय. काकूंना घेऊन रविवारी या. दुसऱ्या प्लेअरच्या जॉयस्टिकला अजून कुणाला हात लावू दिलेला नाही.

तुमचा,
कळव्याचा बोर्डवाला