जत्रेच्या वाटेवर दिसलेल्या दिव्यांबद्दल

एडिंबरा, 7 डिसेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि आईस, साष्टांग नमस्कार.

बाबा, जत्रेला जाताना आकाशात दिसलेल्या दिव्यांच्या रांगेबद्दल तुम्ही सांगत होतात, तेवढ्यात फोन तुटला आणि तुमचं "ता काय होता गो?" तसंच राहिलं. वहिनी म्हणाली, आईला त्या रात्री झोपच लागली नाही. म्हणून सविस्तर लिहिते. वहिनीने सगळ्यांना वाचून दाखवावं, शेजारच्या काकूंनाही.

ते उपग्रह होते. अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीचे, स्टारलिंक नावाचे, इंटरनेट पुरवण्यासाठी सोडलेले. युद्ध नाही, क्षेपणास्त्र नाही, परग्रहावरचं कोणी नाही. 2019 च्या मे महिन्यात त्यांनी पहिल्यांदा एकाच रॉकेटमधून 60 उपग्रह सोडले, तेव्हा हॉलंडमधल्या लोकांनाही त्या उडत्या तबकड्या वाटल्या होत्या. तेव्हा आपल्या वाडीने घाबरण्यात काही कमीपणा नाही. हल्ली उपग्रह आकाराने मोठे झालेत, त्यामुळे एका खेपेला वीस ते तीस जातात. आजच्या घडीला वर फिरणारे आठ हजारांहून जास्त आहेत.

रांग का दिसते ते सांगते. रॉकेट सगळ्यांना एकाच ठिकाणी, एकाच वाटेवर सोडतं. वेगात किंचित फरक पडला की ते एकमेकांपासून सरकतात, पण वाट तीच राहते. त्या वेळी ते 300 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे बरेच खाली असतात, म्हणून इतके ठळक दिसतात. मग आपल्या छोट्या विद्युत इंजिनांवर काही आठवड्यांत 550 किलोमीटरच्या आसपास चढतात, पांगतात आणि मंद होतात. तुम्ही पाहिलेली रांग आता तशी दिसायची नाही. पुढची दिसेल ती नव्या खेपेची.

तुम्ही एक गोष्ट फार नेमकी टिपलीत, तिचं मला कौतुक वाटलं. तुम्ही म्हणालात, दिवे समुद्राकडून वर आले आणि सह्याद्रीच्या बाजूला एकाच जागी एकामागून एक विझले. कोणी फुंकर मारल्यासारखे नाही, आधी थोडे तांबूस होऊन. बाबा, ती जागा म्हणजे पृथ्वीच्या सावलीची कड! उपग्रहाला स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे सूर्य बुडाला तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतं, आणि ते त्याच्या अंगावरून परावर्तित होतं. तो पूर्वेकडे जात सावलीत शिरला की संपलं. मागचाही त्याच ठिकाणी शिरतो, त्याच्या मागचाही. सावलीत शिरताना त्याच्यावर पडणारं ऊन मावळतीचं असतं, तांबूसपणा त्याचाच. म्हणजे तुम्ही पाणंदीत उभं राहून त्या उंचीवरचा सूर्यास्त पाहिलात, प्रत्येक उपग्रहाचा वेगळा.

म्हणूनच आपल्याकडे अशी रांग दिवेलागणीनंतर तास-सव्वा तासातच दिसते, नाहीतर पहाटे उजाडण्याआधी. मध्यरात्री नाही, कारण तेव्हा आपल्या डोक्यावर त्या उंचीपर्यंत सावलीच असते. इथे एडिंबऱ्यात जूनमध्ये सूर्य क्षितिजाखाली जेमतेम 11 अंश उतरतो. मी रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत इस्पितळाच्या मागच्या अंगणात जाते, तर दोन वाजताही उपग्रह चमकत जाताना दिसतात. सतत कुणीतरी चाललेलं असतं. पहिल्यांदा मला फार आनंद झाला, मग कुठेतरी टोचलं. आपल्या सड्यावर झोपून तुम्ही मला सप्तर्षी आणि कृत्तिका दाखवल्या होत्या, तेव्हा आकाशात हलणारं म्हणजे एखादं विमान, नाहीतर उल्का.

आजीला 1979 मध्ये कोसळलेल्या स्कायलॅब या अमेरिकन अंतराळस्थानकाची भीती अखेरपर्यंत आठवत होती. गावात कोंबड्या कापून खाल्ल्या, आता काय उरणार म्हणून! ते शेवटी हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडच्या भागात पडलं. आईने विचारलं होतं, हेही पडतील का. यांचं आयुष्य साधारण पाच वर्षांचं धरलेलं असतं, आणि खाली येताना वातावरणात जळून जावेत अशीच त्यांची रचना आहे. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ 2 एप्रिल 2022 च्या रात्री धातूची मोठी कडी पडली होती, ती चिनी रॉकेटची असल्याचं सांगितलं गेलं. तेव्हा आकाशात जळत गेलेले तुकडे दिसले होते, शेपट्यांसकट. तुमचे दिवे शांत, सारख्या अंतराने, न लुकलुकता गेले. आईने निश्चिंत असावं.

मला याचा आनंद आहे आणि वाईटही वाटतं, दोन्ही खरं आहे. आई रेंजसाठी सड्यावर चढते, गुडघा दुखत असताना. 2025 च्या जूनमध्ये स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला आहे, आणि उद्या त्यातून आपल्या वाडीत नीट बोलता आलं तर मी कोणत्या तोंडाने नको म्हणू? पण दुर्बिणीने आकाश टिपणाऱ्यांच्या फोटोंवर या उपग्रहांचे पांढरे ओरखडे उठतात. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेसारख्या, दर रात्री आकाशाचा मोठा भाग टिपणाऱ्या दुर्बिणीला याचा त्रास सर्वात जास्त. कंपनीने 2020 मध्ये एक उपग्रह काळा करून पाहिला, मग उन्हासाठी आडोसे लावून पाहिले. थोडे मंद झाले, पण प्रश्न मिटला नाही. आकाश सगळ्यांचं आहे, तिथे काय पाठवायचं ते एकट्या कंपनीने ठरवू नये, असं मला मनापासून वाटतं.

वरचं आपल्या हातात नाही, पण किनाऱ्यावरचं आहे. तुम्ही म्हणालात, खाली सुरूच्या बनापाशी उंच खांबावरचा नवा हायमास्ट दिवा बसला आणि आता वाळूत उभं राहिलं की चांदण्या दिसत नाहीत. तिथे कासवं अंडी घालायला येतात ना? पिल्लं बाहेर पडली की उजेडाच्या दिशेने जातात. काळोख्या रात्री तो उजेड समुद्राचा असतो, आणि दिवा जळत असला तर ती रस्त्याकडे चालू लागतात. बाबा, पुढच्या ग्रामसभेत हे बोला. दिवा काढायला कोणी तयार होणार नाही, ठीक आहे. त्याला वरून टोपी लावा, उजेड फक्त जमिनीवर पडू दे, आणि फेब्रुवारी ते एप्रिल रात्री दहानंतर बंद ठेवा, एवढंच मागा. तुमचं ऐकतात.

वहिनीच्या मोबाईलवर उपग्रहांच्या वेळा सांगणारं हेवन्स-अबव्ह उघडून गाव म्हणून देवगड टाका, पुढची रांग कधी आणि कुठून येणार ते आधी कळेल. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे काढून मला फोटो पाठवा. डॉक्टरांनी दिलेलं तेल थंडीतही सोडू नका. दादाला आंब्याचा मोहर कसा आहे ते लिहायला सांगा, पाऊस लांबल्याने काळजी वाटते.

तुमची,
बाय