रुग्णालयात खुर्चीसकट वजन करणारा काटा हवा

महोदय,

ठाणे-नवी मुंबईतल्या बहुतेक रुग्णालयांच्या दाराशी आता रॅम्प दिसतो. कुठे तो जरा जास्तच खडा असतो, कुठे वॉचमनने त्यावर मोटारसायकल लावलेली असते, पण असतो. माझी तक्रार रॅम्पची नाही. रॅम्प चढून आत गेल्यावर माझ्यासारख्याची धड तपासणीच होत नाही, त्यासाठी हे पत्र.

मी वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटात माल तोलून देणारा तोलणार कामगार होतो. गोण्यांची थप्पी कोसळली आणि पाठीच्या कण्याला मार लागला. बेंबीच्या खाली ना हालचाल, ना संवेदना. तेव्हापासून व्हीलचेअर.

गेल्या पावसाळ्यात ताप येऊ लागला म्हणून रुग्णालयात गेलो. केसपेपरच्या रांगेत मला पुढे घेतलं, सगळे नीट बोलले, ते नाकारत नाही. डॉक्टरांनी खुर्चीतच नाडी पाहिली, छातीला स्टेथोस्कोप लावला आणि विचारलं, ‘‘कुठं दुखतंय का?’’ मी नाही म्हणालो. खरंच दुखत नव्हतं; मला तिथे दुखेल कसं? मलेरिया-डेंगीची रक्ततपासणी आणि तापाच्या गोळ्या लिहून मिळाल्या. ‘टेबलावर झोपा’ असं काही कुणी म्हणालं नाही. म्हणणार तरी कसं! माझ्या खुर्चीची बैठक जेमतेम दीड फुटावर, तपासणीचं टेबल अडीच फुटांच्याही वर, आणि चढायला दोन लोखंडी पायऱ्या. बाहेर ओपीडीची गर्दी दारापर्यंत आलेली. त्यात मला उचलायला चार माणसं कुठून आणायची?

ताप उतरेना. पत्नी गावाहून परत आली, तिने पाठीमागे पाहिलं तर बसायच्या हाडापाशी जखम. वरून आठाण्याएवढी, आत खोल. बेडसोअर, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणारी जखम. मणक्याचे पेशंट म्हणजे आम्ही खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचलतो, रात्री कूस बदलून घेतो, रोज आरशात कातडी बघतो. सगळं या एका गोष्टीच्या धास्तीने. मला एकट्याला आरशातही ती जागा नीट दिसत नाही. रुग्णालयात एकदा आडवं करून कुशीवर वळवलं असतं, तर पहिल्याच दिवशी दिसली असती. पेशंटला जिथे दुखत नाही तिथेच आधी बघायचं, ही गोष्ट आमच्या बाबतीत डॉक्टरांना ठाऊक हवी.

जखमेची शस्त्रक्रिया ठरली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना वजन हवं होतं, कारण औषधाची मात्रा त्यावर बेततात. वॉर्डात काटा होता, पण उभं राहायचा. परिचारिकेने माझ्याकडे पाहून ६५ लिहिलं. आता मी जन्मभर लोकांचा माल तोललेला माणूस. अंदाजाने लिहिलेलं वजन मला काही सोसेना. शस्त्रक्रियेला अवकाश होता. भाच्याला घेऊन थेट मार्केट गाठलं. सकाळचा माल हलल्यावर जुन्या सहकाऱ्यांनी मला खुर्चीसकट काट्यावर घेतलं, मग रिकाम्या गोण्यांच्या ढिगावर पालथं निजवलं आणि खुर्ची वेगळी तोलली. बारदान वजा जाता निव्वळ माल ५२ किलो. पोरं हसली, मीही हसलो. चिठ्ठी नेऊन डॉक्टरांना दिली. त्यांनी ती केसपेपरला लावली, आणि जखम भरायला अंगात ताकद नाही म्हणून आधी अंडी, डाळी खाऊन वजन वाढवायला सांगितलं. ६५ वर विसंबून राहिलो असतो तर हे निघालंच नसतं. टीबीच्या गोळ्या किती घ्यायच्या हेसुद्धा वजनावर ठरतं. मणक्याच्या टीबीने पाय गेलेले लोक आपल्याकडे कमी नाहीत. त्यांचं वजन कोण आणि कशावर करत असेल?

बायकांचे हाल याहून वाईट. माझी बहीण कळव्याला राहते, तिला लहानपणी पोलिओ झाला. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं ती टाळते. ‘‘दोन परके बाप्ये उचलून त्या टेबलावर ठेवणार, त्यापेक्षा नको ती तपासणी,’’ म्हणते. तिच्याशी वाद घालायला माझ्यापाशी मुद्दा नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या कलम २५ मध्ये सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्याविना प्रवेश आणि उपचारात प्राधान्य द्यायला सांगितलं आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला दिलेली पाच वर्षांची मुदत जून २०२२ मध्ये सरली. सुगमतेच्या नियमांतली पळवाट सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात बंद केली, किमान मानकं सक्तीची करा असं केंद्राला बजावलं. रॅम्पचा उतार बाराला एक हवा, हे मोजपट्टी लावून सांगणारी मार्गदर्शक तत्त्वं आहेतच. तीच मोजपट्टी तपासणीच्या टेबलाला लावा, एवढंच म्हणणं.

खर्चाचं कारण कृपया कुणी देऊ नये. महापालिकांनी दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. त्यातून साहित्यवाटपाचे कार्यक्रम होतात, मंडप पडतो, फोटो छापून येतात. होऊ द्यात. पण त्याच निधीतून ठाणे आणि नवी मुंबईच्या प्रत्येक पालिका रुग्णालयात दीड फुटापर्यंत खाली येणारं एक टेबल आणि खुर्ची चढवता येईल असा एक काटा घ्यावा, पुढे नागरी आरोग्य केंद्रांतही. काट्यात अवघड काही नाही. गोदामात वापरतात तोच सपाट काटा, चढायला उतार आणि खुर्चीचं वजन वजा करायची सोय. दिव्यांगांसाठी वाशीत ईटीसीसारखं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या नवी मुंबई महापालिकेला एवढं जड जाऊ नये.

टेबल आलंच, तर ते ओपीडीत ठेवा. वेगळ्या खोलीत ठेवलं की तिला कुलूप लागतं आणि किल्ली ज्याच्याकडे तो नेमका रजेवर असतो. आणि ते खाली-वर कसं करायचं हे डॉक्टरांबरोबर वॉर्डातल्या मामा-मावशींनाही (वॉर्डबॉय आणि आयांना) दाखवून ठेवा. गर्दीत हाताशी तेच असतात.

– एक माजी तोलणार कामगार, कोपरखैरणे, नवी मुंबई