रोमिंगचे घाऊक दरही आटोक्यात आणा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

परदेशात विमानातून उतरल्यावर मी फोन चालू करून नुसता खिशात ठेवला, तेवढ्यात आतल्या आत चालणाऱ्या दोन-तीन अ‍ॅपनी इंटरनेट वापरून टाकले आणि त्या काही मिनिटांचा आकार माझ्या एरवीच्या महिनाभराच्या बिलाहून अधिक निघाला. त्यामुळे रोमिंगचे दर उतरवण्याच्या सरकारी प्रयत्नांचे मी स्वागतच करतो. मात्र ग्राहकाच्या बिलावर कमाल मर्यादा घालून भागत नाही, कारण खरी मेख ग्राहकाच्या परदेशातील वापरासाठी तिथली कंपनी त्याच्या मूळ कंपनीला आकारते त्या घाऊक दरात असते. युरोपीय संघाने २००७ पासून दोन्ही दरांना टप्प्याटप्प्याने लगाम घातला, म्हणून १५ जून २०१७ पासून तेथील ग्राहकांना सदस्य देशांत वाजवी वापरापुरता जादा आकार द्यावा लागत नाही. परदेशी कंपनीचा घाऊक दर एकट्या सरकारच्या अधिकारात नसतो, त्यासाठी देशादेशांत करारच हवेत. तोवर, ठरावीक रकमेनंतर इंटरनेट आपोआप बंद करण्याची सक्ती तरी आपापल्या कंपन्यांवर करता येईल. (सूचनेचा संदेश बिलाच्या आधी यावा, एवढी माफक अपेक्षा!)

आपला,
एक ग्राहक