सुरुंग की भूकंप? संगणकाला आमच्या मातीतील नोंदी द्या!

प्रति,
मा. मंत्री, पृथ्वी विज्ञान मंत्रालय, भारत सरकार

माननीय महोदय,
सादर नमस्कार.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात हजारो जीव गमावणारे किल्लारी सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे, आणि त्या परिसरात १९९२ मध्येच लहान धक्के जाणवले होते. त्यामुळे जमीन किंचित हादरली तरी इथे प्रत्येकाच्या मनात तोच प्रश्न येतो: हा भूकंप, की खाणीतला सुरुंग?

या प्रश्नाचे उत्तर जमिनीतून येणाऱ्या कंपनांच्या लहरींतच असते. सुरुंग खडकाला सर्व बाजूंनी बाहेर ढकलतो, म्हणून त्याच्या नोंदीत प्राथमिक (सर्वांत आधी पोहोचणाऱ्या) लहरी जोरकस आणि दुय्यम (त्यांच्यामागून येणाऱ्या) लहरी तुलनेने क्षीण दिसतात; भूकंपात मात्र खडकाचे दोन भाग भ्रंशावर, म्हणजे खडकातील भेगेवर, एकमेकांना घासून सरकतात आणि दुय्यम लहरी ठळक उमटतात. शिवाय खाणीतली स्फोटके भरलेली छिद्रे काही मिलिसेकंदांच्या अंतराने क्रमाने उडवली, तर वारंवारतेच्या आलेखात पुष्कळदा समान अंतरावरचे पट्टे दिसतात. हे फरक ओळखायला संगणकाला शिकवता येते आणि जगभर तसे केलेही जात आहे. सुरुंग बहुधा दिवसा उडवतात म्हणून केवळ दुपारची वेळ पाहून धक्का सुरुंगाच्या खात्यात टाकणे मात्र धोक्याचे आहे, कारण भूकंप घड्याळ पाहून येत नाही.

अडचण उदाहरणांची आहे. लहरींचे रूप त्या ज्या खडकातून येतात त्यावरही अवलंबून असते; त्यामुळे परदेशातील नोंदींवर शिकलेली प्रणाली आमच्या दख्खनच्या काळ्या पाषाणात चुकू शकते. तिला इथलेच खात्रीचे सुरुंग आणि इथलेच खात्रीचे भूकंप दाखवावे लागतील.

म्हणून विनंती अशी की, राज्य शासन आणि स्फोटके व खाण सुरक्षेशी संबंधित यंत्रणांशी समन्वय साधून प्रत्येक खाणचालकाला सुरुंगाची अचूक वेळ, ठिकाण आणि स्फोटकांचे प्रमाण राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राला कळवणे बंधनकारक करावे. केंद्राच्या जाहीर यादीत प्रत्येक हादऱ्यापुढे ‘भूकंप’, ‘स्फोट’ किंवा ‘अनिश्चित’ असे स्पष्ट लिहिले जावे. अनिश्चित नोंदी तज्ज्ञांनी स्वतः तपासाव्यात, कारण सुरुंगाला भूकंप समजण्यापेक्षा भूकंपाला सुरुंग समजून सोडून देणे कितीतरी अधिक महागात पडेल. या कामाची सुरुवात सोलापूर, धाराशिव आणि लातूर या तीन जिल्ह्यांतून करावी, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
सोलापूरचा एक नागरिक