लंडन साडेपाच तासांवर नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईहून परदेशी जायला किती वेळ लागतो याचा तक्ता आला होता. त्यात मुंबई-लंडन साडेपाच तास आणि लंडन-मुंबई सव्वातेरा तास असं छापलंय. हे आकडे चुकीचे आहेत. रात्री 2 वाजता मुंबईहून सुटलेलं विमान सकाळी 7.30 ला लंडनला उतरतं खरं, पण ते साडेसात तिथल्या घड्याळातले. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं (हिवाळ्यात साडेपाच). म्हणजे आपल्याकडे तेव्हा दुपारचे 12 वाजलेले असतात आणि प्रवास होतो दहा तासांचा. येताना तेच साडेचार तास वजा केले की पावणेनऊ उरतात. तक्ता वाचून वाटतं, जाणं झटपट आणि येणं लांबलचक. आहे नेमकं उलट, कारण उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जाताना समोरून येतात, येताना पाठीशी असतात.

हे सविस्तर लिहायचं कारण आमच्या शेजारच्या काकू. वय बहात्तर, मधुमेह, पहिल्यांदाच लेकीकडे निघाल्यात. ‘साडेपाच तासच तर आहेत’ म्हणून त्यांनी गोळ्यांचा डबा मोठ्या बॅगेत तळाशी भरला होता, आणि ती बॅग विमानाच्या पोटात जाणार! मी कागदावर मांडून दाखवलं: साताऱ्यातून दुपारी 4 ला गाडी, विमानतळावर तीन-चार तास आधी, मग दहा तास हवेत, उतरल्यावर रांगा आणि सामान. लंडनच्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत 9 वाजणार, म्हणजे आपले दुपारचे दीड. एकूण साडेएकवीस तास. काकू बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या.

अंतराबद्दलही लोकांचा गोंधळ असतो. मी तीस वर्षं भूगोल शिकवला. घरी अजून पृथ्वीगोल आहे, घेर 96 सेंटिमीटर. मुंबई ते लंडन दोरा ताणून धरला तर सव्वासतरा सेंटिमीटर भरतो, म्हणजे सुमारे 7,200 किलोमीटर. हा दोरा कच्छवरून पाकिस्तानात शिरतो. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली, तेव्हापासून आपल्या कंपन्यांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. दोरा तेवढाच राहिला, तास मात्र वाढले.

म्हणून विनंती, की तक्त्यात अंतर, हवेतला वेळ आणि घड्याळांतला फरक असे तीन वेगळे रकाने द्यावेत. आणि दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी. काकूंनी तो तक्ता कापून फ्रिजवर चिकटवला होता. तसा तो आणखी काही घरांत असणार.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
शाहूपुरी, सातारा