राउटरमागे लॅनचा एक पोर्ट रिकामा असेल तर आम्हाला द्या

मंडळी नमस्कार, आपल्या गटातर्फे एक विनंती आहे, जरा वेळ काढून पूर्ण वाचा. दापोली, गुहागर, चिपळूण, लांजा, राजापूर या पट्ट्यात ज्यांच्या घरी, दुकानात, शाळेत किंवा वाचनालयात फायबरचं कनेक्शन आहे अशी पंधरा ठिकाणं आम्हाला हवी आहेत. तिथे राउटरच्या रिकाम्या लॅन पोर्टला, म्हणजे केबल लावायच्या खाचेला, एक छोटी डबी जोडायची, ती दिवसरात्र नेट मोजत राहील, तुम्हाला काहीच करायचं नाही, फक्त ती बंद करायची नाही.

कशासाठी, तर आपल्याकडे नेट गेलं की काय होतं ते सगळ्यांना माहितीय. कस्टमर केअरला फोन करा, ते राउटर बंद करून चालू करायला सांगणार, मग तक्रार नंबर येणार आणि संध्याकाळी तक्रार सोडवली म्हणून मेसेज, नेट मात्र तसंच. आपल्या हातात पुरावा म्हणजे स्पीड टेस्टचे स्क्रीनशॉट, ते पण त्या एका मिनिटापुरते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा लाइट, टॉवर, केबल सगळंच गेलं, पण कुठल्या गावाचं नेट किती वाजता गेलं आणि कधी परत आलं याची सलग नोंद आज आपल्यापैकी कोणाकडेच नाहीये. पुढच्या वेळी ती असायला हवी, एवढंच आमचं म्हणणं आहे.

डबीचं नाव राइप अ‍ॅटलस प्रोब. अ‍ॅमस्टरडॅमची राइप एनसीसी नावाची संस्था आहे, नफ्यासाठी काम करत नाही, त्यांनी २०१० मध्ये हे सुरू केलं आणि आज जगभरात दहा हजारांवर प्रोब चालू आहेत, पण त्यातले बरेचसे युरोपात. आपल्याकडे जे आहेत ते मुख्यतः मोठ्या शहरांत. मुंबई-पुण्याचं नेट कसं चाललंय ते बघून कोकणातलं कसं कळणार?

प्रोब स्पीड मोजत नाही, हे आधीच सांगतो. तो ठरलेल्या सर्व्हरना दर चार मिनिटांनी पिंग करतो (म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतो), डीएनएस तपासतो (म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता मिळतो का ते) आणि ट्रेसराउट काढतो, म्हणजे आपलं पॅकेट, नेटवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा, कुठल्या कुठल्या रस्त्याने गेलं ते. यातच खरी गंमत आहे. फायबरमधून सिग्नल सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. रत्नागिरी ते मुंबई रस्त्याने साडेतीनशेच्या आत, म्हणजे जाऊन-येऊन तीन-चार मिलिसेकंद, मधल्या यंत्रांचा वेळ धरला तरी दहा-पंधरात व्हायला हवं. आता मुंबईतल्याच सर्व्हरला ऐंशी-नव्वद लागत असतील तर पॅकेट कुठेतरी लांब भटकून येतंय किंवा मध्ये कुठेतरी तुंबतंय. नुसतं सिंगापूरला जाऊन यायचं तरी चाळीसच्या आसपास लागतातच. असं कधीतरी एकदा दिसलं तर सोडून देऊ, पण रोज संध्याकाळी सात ते अकरा तेच दिसतंय आणि एकाच कंपनीच्या चार गावांतल्या लाइनवर दिसतंय, तर मग राउटर बंद-चालू करा हे उत्तर चालणार नाही. म्हणूनच एकाच आळीत पाच प्रोब नकोत, वेगवेगळी गावं आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी हव्यात.

आता सगळे विचारतात तो प्रश्न. नाही, तुम्ही काय बघता ते प्रोबला दिसत नाही, तो फक्त स्वतःची पॅकेट पाठवतो, त्याच्या सॉफ्टवेअरचा कोड कोणालाही वाचता येतो आणि नकाशावर तुमचं घर मुद्दाम थोडं सरकवून दाखवतात. पण हेही लपवत नाही की जगभरातले इतर संशोधक तुमच्या प्रोबवरून पिंग, डीएनएस वगैरे चाचण्या लावू शकतात, आणि त्या तुमच्या आयपीवरून, म्हणजे तुमच्या कनेक्शनच्या नेटवरच्या पत्त्यावरून, जातात. त्यांना हवी ती वेबसाइट मात्र उघडता येत नाही. हे पटत असेल तरच हो म्हणा. ऑफिस किंवा शाळा असेल तर वरिष्ठांना विचारूनच. फिक्स आयपी लागत नाही, राउटरमध्ये काही सेटिंग बदलावं लागत नाही, डेटा अगदी किरकोळ जातो.

आपली खरी अडचण आहे लाइट. लाइट गेली की प्रोब बंद, मग नेट गेलं होतं की लाइट हे कळत नाही, शिवाय सारखी लाइट गेली की मेमरी कार्डं खराब होतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी राउटर आणि प्रोब दोघांना पुरेल असा छोटा यूपीएस लावायचाय, साधारण दीड हजाराला एक. प्रोबचं सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर पण चालतं, तर कोणाकडे जुना पाय, चांगलं मेमरी कार्ड, लॅन केबल पडून असेल तर तेही द्या.

मुंबईतल्या चाकरमान्यांना खास सांगणं, गावचं घर फक्त गणपती आणि शिमग्याला उघडत असेल तर तिथे प्रोब नको, तुम्ही एक यूपीएस द्या. आणि आई-वडील गावी बारा महिने राहत असतील तर त्यांच्याशी एकदा फोनवर बोलून घ्या, बसवायला आमची पोरं येतील, नंतर काही अडलं तर परत येतील. देणगीची पावती मिळेल आणि कोणाचे पैसे कुठल्या गावात लागले ते गटावर टाकू.

ज्यांना जागा द्यायचीय त्यांनी राउटरच्या मागच्या बाजूचा फोटो (पासवर्डचं स्टिकर झाकून), कनेक्शन कुठल्या कंपनीचं आणि गावाचं नाव एवढं गटातल्या कोणाकडेही द्या. पावसाच्या आधी सगळे बसवून व्हायला हवेत, त्यामुळे या महिन्यातच कळवा.