आत्याकडे जाण्यापूर्वी

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

डिसेंबरच्या सुट्टीत वसतिगृहात एकटा न बसता आत्याकडे जायचं ठरवलंस, बरं वाटलं. फोनवर काही सांगायला गेलं की तू "हो गं, कळलं" म्हणून मोकळा होतोस, म्हणून लिहूनच पाठवते आहे.

आधी कागदपत्रं. युरोपात जायचा व्हिसा मिळाला म्हणजे झालं, असं नाही. परत अमेरिकेत शिरता आलं पाहिजे. पासपोर्टमधला विद्यार्थी व्हिसा परतीच्या दिवशी चालू हवा आणि आय-२० वरची, म्हणजे विद्यापीठाने दिलेल्या विद्यार्थी-दाखल्यावरची, प्रवासाची सही वर्षाच्या आतली हवी. ती सही तुमच्या विद्यापीठाच्या कार्यालयात होते आणि सुट्टी लागली की तिथलीही माणसं सुट्टीवर जातात. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. पासपोर्ट तिथून निघाल्यावर पुढे किमान तीन महिने चालणारा असावा लागतो, शिवाय ३०,००० युरोंचं आरोग्यविम्याचं कवच. तू आत्याच्या घरी उतरणार म्हणजे तिच्याकडूनही कागद लागणार. काही देशांत साध्या पत्रावर भागत नाही, यजमानाला सरकारी कचेरीत जाऊन तो करून घ्यावा लागतो. तेव्हा "आत्या, तेवढं पत्र पाठव ना" असं आयत्या वेळी नको. तुझ्यापायी तिची एक रजा जायची.

आता झोप. जन्मभर जीवशास्त्र शिकवलंय, तेव्हा थोडं व्याख्यान सहन कर. शरीराचं घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं हे उलगडलं म्हणून २०१७ साली हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. माणसाचं हे आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित सावकाश चालतं. त्यामुळे उशिरा झोपायला शरीर पटकन तयार होतं, लवकर झोपायला कुरकुर करतं. पूर्वेकडचा प्रवास जड जातो तो यामुळे. तुला सहा तास पूर्वेला जायचंय, आणि एका तासाचा फरक अंगवळणी पडायला साधारण एक दिवस धरावा लागतो. म्हणजे तिकडे रात्री अकराला सगळे आडवे होतील तेव्हा तुझ्या शरीराचे संध्याकाळचे पाच वाजलेले असतील. तू बहुधा हॉलमध्ये सोफ्यावर झोपणार. रात्री दोन वाजता बॅगेची चेन उघडली की ती अख्ख्या घराला ऐकू जाते, मायक्रोवेव्हचं तर विचारूच नको. चार्जर, पाणी, स्वेटर, पुस्तक, जे काही रात्री लागेल ते दिवे मालवायच्या आत बाहेर काढून ठेव.

आणि सकाळी कितीही जड वाटलं तरी ऊठ. त्याच हॉलमधून मुलांना शाळेला आणि काकांना कामाला जायचं असतं. तू बारापर्यंत घोरत पडलास तर बिचारं घर चवड्यांवर चालेल. काका म्हणतील, "झोपू दे त्याला." तो त्यांचा चांगुलपणा, तू त्याचा फायदा घेऊ नकोस. अंथरूण घडी करून कोपऱ्यात ठेव आणि दुपारच्या उजेडात बाहेर चालून ये, घड्याळ लवकर जुळेल.

"आत्या, मी काय करू?" असं दर तासाला विचारणारा पाहुणा म्हणजे घरच्या बाईला आणखी एक काम. त्यापेक्षा एकच काम उचल आणि ते रोज तुझं समज. रात्रीची भांडी घे हवं तर. कुठलं भांडं कुठे जातं ते पहिल्या दिवशी नीट विचारून घे, नंतर विचारू नकोस. न्हाणीघर एकच असेल तर सकाळी सातच्या गर्दीत घुसू नकोस, तुला कुठे जायची घाई नसते.

सुट्टी तुझी आहे तशी त्यांचीही आहे. वर्षभर धावून त्यांनाही हेच दिवस मिळतात, त्यात तुला रोज कुठे ना कुठे फिरवून आणावं अशी अपेक्षा ठेवू नकोस. मधले एक-दोन दिवस एकटा बाहेर पड. घरात पाहुणा नसलेले चार तास घरालाही लागतात. मुलं मराठी बोलायला लागली आणि चुकली तर हसू नकोस. एकदा कोणी हसलं की ती पुन्हा तोंड उघडत नाहीत, हे मी वर्गात फार पाहिलंय.

वन्सं आणि माझं कधी फार गूळपीठ नव्हतं, तुला ठाऊकच आहे. पण मला तिकडच्या बातम्या पुरवायच्या नाहीत. काकांचा पगार, घराचं कर्ज, मुलांचे मार्क, काही नाही. मी स्वतःहून विचारलं तरी नाही. (विचारीन, ते सोड.) आणि आपल्या घरातलंही तिकडे सांगत बसू नकोस.

आता एक गोष्ट मात्र नीट ऐक. आजोबा गेले तेव्हा आत्याला वेळेत पोचता आलं नाही. दवाखान्यात रात्री त्यांच्या उशाशी तू बसायचास. त्या दिवसांबद्दल तिने आम्हाला कधी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तुझ्या बाबांनी विषय बदलला असता. तुला विचारेल असं मला वाटतं. मुलं झोपल्यावर विचारेल, नाहीतर गाडी चालवताना, समोर बघत. तेव्हा फोन खिशात ठेव आणि खरं तेच सांग. त्यांना त्रास होत होता, शेवटी शेवटी ते फारसं बोलत नव्हते, हे सांग. "सारखं तुझंच नाव घेत होते" असलं काही गोड रचून सांगू नकोस. ती त्यांची मुलगी आहे, तिला लगेच कळेल. पण तिचा फोन आला की ते आधी चष्मा शोधायचे, तो डोळ्यांवर चढल्याशिवाय फोन कानाला लावायचे नाहीत आणि आपण सगळे हसायचो, ते खरं आहे. ते तिला कुणीच सांगितलेलं नाही. ती रडली तर रडू दे. समजूत घालायला जाऊ नकोस, ते तुझ्या वयाच्या मुलाचं काम नाही.

परतीचं तिकीट जातानाच काढ आणि तारीख पहिल्याच फोनवर सांगून टाक. आठ-दहा दिवस पुष्कळ झाले. निघायची वेळ आली की "अजून चार दिवस राहा" असं ती म्हणेलच, आणि मनापासून म्हणेल. तरी तिकीट बदलायचं नाही. जानेवारीत तिचं काम सुरू होतं, मुलांची शाळा सुरू होते, आणि तोंडाने कुणी म्हणत नसलं तरी पाहुणा असेपर्यंत घर मार्गी लागत नाही. तिला पैसे देऊ करू नकोस, रागावेल. मुलांना काय हवंय ते मुलांनाच विचारून ने.

निघायची तारीख नक्की झाली की कळव, म्हणजे मी वन्संना फोन करीन. तोवर त्यांना काही बोलत नाही.

बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई